दावणीची जावा

आमच्या जुन्या घराला गोठा आहे, पण गोठ्यात आता बैल नाहीत. दगडी भिंतीत शिसं ओतून बसवलेली तीन लोखंडी कडी मात्र अजून जागच्या जागी आहेत. पहिल्या कड्याला सर्जा असायचा, दुसऱ्याला राजा आणि तिसऱ्याला म्हैस. आज मधल्या कड्याला साखळीनं बांधलेली आहे १९६७ सालची जावा मोटारसायकल. पाव्हणेरावळे बघतात आणि हसतात. "मास्तरांचं पोरगं गाडीला वैरण घालतंय का रं?" असंही एकानं विचारलं होतं. मी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला. कारण गाडी दावणीला का बांधली, हे सांगायला बसलो तर पन्नास वर्षांची हकीकत सांगावी लागते. ती इथं सांगतो.

आमचं गाव खटाव तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. आबा प्राथमिक शिक्षक. शाळा तीन गावं पलीकडं, एसटी दिवसातून दोनदा, तीही ओढ्याला पाणी आलं की बंद. १९७४ साली त्यांनी साताऱ्यातल्या एका निवृत्त सुभेदाराकडून ही गाडी घेतली. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं आणि ते पुरेना म्हणून आईच्या पाटल्या गेल्या. पाटल्या परत झाल्या नाहीत. त्यामुळं ही गाडी आमच्या घरात निव्वळ गाडी कधीच नव्हती. आई रागावली की म्हणायची, "माझं सोनं धूर काढत चाललंय बघा."

जावा ही मूळची चेक कंपनीची गाडी. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' नावाचा कारखाना काढला आणि १९६१ पासून ती आपल्याकडं तयार होऊ लागली. पुढं १९७३ साली तिचं नाव येझदी झालं. आमची गाडी त्याआधीची, टाकीवर जावा लिहिलेली. इंजिनाला सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, दिवा सहा व्होल्टचा, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. त्या काळी आमच्या भागात ढोबळ मानानं फौजेतून आलेल्याकडं बुलेट, दूधवाल्याकडं राजदूत आणि मास्तर किंवा ग्रामसेवकाकडं जावा, अशी वाटणीच होती. अख्ख्या पंचक्रोशीत मोटारसायकली असतील सात-आठ.

आता चोरीचं बघा. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण त्या जावाची चावी म्हणजे एक खिळा होता. दात नाहीत, खाचा नाहीत. गोल सळईचा बोटभर तुकडा, त्याला एक कंगोरा. दिव्याच्या घरावरच्या भोकात दाबायचा, की करंट चालू. एका जावाची चावी दुसऱ्या जावाला चालायची. शेजारच्या गावच्या ग्रामसेवकांची चावी हरवली तेव्हा ते आमच्या घरी येऊन आबांची जादा चावी घेऊन गेले, त्यावर वर्षभर त्यांनी गाडी चालवली. गावच्या लोहारानं तर कानशीनं घासून चार खिळे करून दिले होते. म्हणजे कुलूप होतं, पण ते नावाचं.

आबांचा म्हणून त्या चावीवर काडीचा भरवसा नव्हता. त्यांची रीत वेगळी होती आणि ती तीन कामांची होती. गाडी स्टँडला लावली की आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मग वाकून प्लगची टोपी उपसायची. आणि ती टोपी रुमालात गुंडाळून खिशात नाही, तर डोक्यावरच्या गांधी टोपीत ठेवायची. लग्नाच्या पंगतीत बसलेले आबा मला आठवतात. कपाळाच्या वर टोपीला बारीक उंचवटा आणि ऑइलचा अंधुक वास. वाढप्यांना वाटायचं मास्तरांनी पान-तंबाखूची चंची टोपीत ठेवलीय.

कॉकची गंमत अशी, की तो बंद केला तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरतं. त्यावर गाडी सुरू होते आणि बेतानं अर्धा किलोमीटर जाते. मग फुसकन बंद. ज्याला कॉक ठाऊक नाही तो किक मारून घामाघूम होतो आणि ज्याला ठाऊक आहे त्याला घाईत सुचत नाही. त्यात जावाची किक हीच गिअरचा दांडा. डाव्या बाजूचा तो दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, किक मारून सोडला की पुन्हा गिअर. नवख्या माणसाला किकच सापडायची नाही. शाळेतली मोठी पोरं गाडीभोवती फिरून उजव्या बाजूला किक शोधायची आणि आबा व्हरांड्यातून बघत उभे राहायचे.

हे सगळं एकदा कामाला आलं. मी शाळेत नव्हतो अजून, त्यामुळं ऐकीव सांगतो. आठवडी बाजाराच्या दिवशी आबा घाईत होते. प्लगची टोपी काढायची राहिली, कॉक तेवढा हाताच्या सवयीनं बंद झाला. मिरची-वांगी घेऊन येतात तो गाडी गायब. लोक ओरडायला लागले, कुणी म्हणालं फौजदाराला सांगा. आबा म्हणाले, "थांबा जरा. लांब नाही गेली." रस्त्यानं सरळ चालत निघाले. ओढ्याच्या फरशीवर गाडी आडवी पडलेली, चोर पसार. आबांनी गाडी उचलली, कॉक उघडला, किक मारली आणि पिशवी हँडलला अडकवून घरी आले. ही गोष्ट गावात इतक्यांदा सांगितली गेली की शेवटी अर्ध्या किलोमीटरचं अडीच किलोमीटर झालं होतं.

घरचा बंदोबस्त आईच्या हातात. आमच्या सोप्याला रस्त्यापासून दोन पायऱ्या. गाडी चढवायला आबांनी बाभळीची एक फळी करून घेतली होती. दिवस बुडाला की आई म्हणायची, "अवं, गाडी आत घ्या, फळी उचलायचीय." गाडी सोप्यात, फळी घरात, दाराला आतून अडसर. फळीवाचून एवढं धूड पायऱ्यांवरून खाली घ्यायचं म्हणजे दोन माणसं लागायची आणि गुपचूप तर ते होतच नसे. पेट्रोलचा वास रात्रभर घरात कोंडायचा, आई कुरकुरायची, चूल मात्र तिनं त्यापायी मागच्या पडवीत हलवली.

पण खरं राखण ना फळीनं होत होतं, ना कॉकनं. खरं राखण आवाजानं व्हायचं. दोन सायलेन्सरच्या त्या गाडीचा आवाज पाणंदीतल्या म्हातारीलाही ओळखू यायचा. आबांच्या वेळेला आबांचा आवाज आला नाही तर लोक विचारायचे. आणि वेळ नसताना आला तर वस्तीवरची माणसं कंदील घेऊन बाहेर यायची, कुणाचं दुखलं-खुपलं म्हणून. अशा गावातून ती गाडी चोरून चालवत न्यायची म्हणजे ढोल वाजवत चोरी करण्यासारखं होतं.

हे बदललं १९८५ नंतर. हिरो होंडाची शंभर सीसी गाडी आली. कमी पेट्रोल पिणारी, ऑइल मिसळायची कटकट नसलेली. आधी एक आली, मग द्राक्षवाल्यांनी घेतल्या, मग नोकरीवाल्यांनी, मग हुंड्यात यायला लागल्या. नव्या मोटार वाहन कायद्यानंतर पाट्यांवरची जुनी तीन अक्षरं जाऊन एमएच-११ आलं. रस्त्यावरनं गाडी गेली तर कुणाची गेली हे बघायला कुणी मान वर करीना.

१९९२ च्या डिसेंबरात गाडी चोरीला गेली. ती मी घालवली.

मार्गशीर्षात आमच्या भागात यात्रांचा हंगाम असतो. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, आणि मध्ये लहानमोठ्या गावांच्या. अशाच एका गावच्या यात्रेला मी मित्राला मागं बसवून गेलो. गावाचं नाव घेत नाही, त्या गावाचा त्यात काही दोष नाही. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात, अंगात नवा पांढरा शर्ट. गाडी लावली, वाकलो, प्लगच्या टोपीकडं हात गेला आणि थांबला. ऑइलनं काळी झालेली ती टोपी ठेवायची कुठं? माझ्या डोक्यावर गांधी टोपी नव्हती, खिसा पांढरा होता आणि शेजारून वर्गातल्या मुली चालल्या होत्या. कॉकसुद्धा मी बंद केला नाही. वाकलो होतो तो बूट पुसल्यासारखं करून उठलो.

तमाशाच्या तंबूतून बाहेर आलो तेव्हा रात्रीचे अकरा. गाडीच्या जागी ऑइलचे चार थेंब.

चौदा किलोमीटर चालत घरी आलो. आबा जागेच होते, आवाज आला नाही म्हणून. मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कॉक बंद केला होतास?"

मी म्हणालो, "हो."

त्या एका 'हो'नं पुढचे दोन दिवस काय झालं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. कॉक बंद असेल तर गाडी अर्ध्या किलोमीटरच्या आत असणार, हा आबांचा हिशेब. ते, तात्या आणि गावचे आणखी चौघं पहाटेच निघाले. यात्रेच्या माळाभोवतीच्या विहिरी बघितल्या, कडब्याच्या गंजी उपसल्या, उसाच्या फडात सरीसरीनं शिरले. ज्यांच्या गंजी विस्कटल्या त्यांना हात जोडून पुन्हा रचून दिल्या. मी सगळ्यांच्या बरोबर शोधत होतो. गाडी तिथं नाही हे मला एकट्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा विहिरीच्या थारोळ्यावर बसले, पायातले काटे काढले आणि म्हणाले, "चला, आता पोलिसांत देऊ." तोपर्यंत दोन दिवस वाया गेले होते.

तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनी पहिला प्रश्न केला तो कागदाचा. इथं आबांच्या एका चिकटपणाचं मोल कळलं. त्या काळी जुनी गाडी घेतली की मालक टीटीओ फॉर्मवर सह्या करून द्यायचा आणि घेणारा ते फॉर्म ट्रंकेत टाकून वर्षानुवर्षं गाडी फिरवायचा. आरसी बुकात नाव पहिल्याचंच. अशी गाडी तीन-चार हातांतून गेली की कागदावर ती कुणाचीच राहत नाही. चोरीला गेल्यावर रडायचाही हक्क नसतो. आबांनी मात्र १९७४ सालीच साताऱ्याला चार हेलपाटे घालून गाडी नावावर करून घेतली होती. शिवाय चेसिस नंबर आणि इंजिन नंबर त्यांच्या शाळेच्या टाचणवहीत, घराच्या उताऱ्याच्या मागं आणि देवघरातल्या पोथीच्या पुठ्ठ्यावर असा तीन ठिकाणी लिहून ठेवलेला.

आठ महिन्यांनी निरोप आला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ठाण्याच्या आवारात काही चोरीच्या गाड्या लागल्या होत्या. आम्ही गेलो. जप्त गाड्यांचं आवार ज्यांनी बघितलं नाही त्यांनी ते एकदा बघावं. गवत वाढलेलं, सीटमधून रोपं आलेली, सुटे भाग रात्री कुठं जातात ते कुणी सांगत नाही. पुढं २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, की गाड्या अशा ठाण्यात कुजवत ठेवू नका, पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि ताबा द्या. आमची वेळ त्याआधीची.

एका कोपऱ्यात सांगाडा होता. टाकी निळ्या रंगानं फासलेली, पाटी भलतीच, इंजिन नाही. आबांनी खिशातून चार आण्याचं नाणं काढलं आणि मानेपाशी रंग खरवडायला लागले. एकेक आकडा वर आला. ते पोथीवरचा नंबर पाठ म्हणत होते आणि मी आकडे वाचत होतो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा त्यांनी सांगाड्याच्या हँडलवर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. मग वाकून टाकीखालचा कॉक बघितला. तो उघडा होता. अर्थात आठ महिन्यांत तो कुणीही उघडला असेल. तरी माझ्या पोटात गोळा आला.

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी दुपारीच कळलं होतं."

"मग दुसऱ्या दिवशी कशाला शोधत होता?"

त्यावर त्यांनी काही उत्तर दिलं नाही. कोर्टात अर्ज करून, सुपूर्दनाम्यावर सही करून सांगाडा सोडवला आणि टेम्पोत घालून आणला.

मग इंजिनाचा प्रश्न. जुन्या बाजारात एक भंगारवाला इंजिन स्वस्तात द्यायला तयार होता. आबांनी इंजिनाच्या खोक्यावरचा नंबर बघितला आणि विचारलं, "हा नंबर कुणाच्या घरचा?" तो हसला. आबा उठले. दीड वर्ष सांगाडा सोप्यात तसाच उभा होता, त्यावर आई वाळवणाची फडकी टाकायची. शेवटी अपघातात मोडलेल्या एका जावाचं इंजिन तिच्या मालकाकडून पावतीसह मिळालं आणि आरटीओत जाऊन बुकात नवा इंजिन नंबर चढवला गेला. आज मी कुणालाही सांगतो, की जुन्या गाडीचा स्वस्त भाग घेताना तो कुणाच्या तरी गोठ्यातून आलेला असू शकतो. आपण घेतो म्हणून तो चोरला जातो.

१९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पुढची काही वर्षं जावा-येझदी किलोवर विकल्या गेल्या. आबा २००९ साली गेले तोवर ही गाडी चोरावी असं कुणाच्या मनात येत नव्हतं. मग शहरातल्या तरुणांना तिचं वेड लागलं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा होऊ लागला, २०१८ साली जावा नावाची नवी गाडी बाजारात आली आणि जुनीचा भाव लाखाच्या वर गेला. आता चोर गाडी चालू करण्याच्या फंदातच पडत नाही. किक, कॉक, प्लग कशाचाच त्याला अडथळा नाही. चौघं येतात, उचलून छोट्या टेम्पोत टाकतात आणि जातात. दोन दिवसांत टाकी एका गावाला, दिवा दुसऱ्या.

मी पुण्यात नोकरीला, गावाकडं चुलतभाऊ. चार वर्षांपूर्वी दोन तरुण गावात आले, "काका, जुनी गाडी आहे म्हणे, विकायची का?" भावानं भाबडेपणानं सोपा उघडून दाखवली, फोटोही काढू दिले. पंधरा दिवसांनी रात्री सोप्याचा कोयंडा उचकटलेला सापडला. फळी आत होती आणि शेजारचं कुत्रं भुंकलं म्हणून गाडी वाचली. शेजारच्या घरात माणूस मात्र कुणी नव्हतं. आमच्या आळीत आता निम्म्या घरांना कुलपं आहेत.

त्यानंतर गाडी गोठ्यात गेली. कड्यातून जाड पोलादी साखळी ओवली ती चाकातून नाही, चेसिसच्या पाइपातून. जावाचं चाक सुटायला वेळ लागत नाही, चाक ठेवून बाकीची नेतील. कुलूप जमिनीला टेकू द्यायचं नाही, अधांतरी ठेवायचं, म्हणजे त्याला दगडावर ठेवून घण घालता येत नाही. डिस्कला लावायचं कुलूप आमच्या कामाचं नाही, हिचे ब्रेक ड्रमचे. जागा सांगणारं यंत्र बसवलं, पण बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रं सहा व्होल्टवर धड चालत नाहीत, म्हणून स्वतःची बॅटरी असलेलं घेतलं आणि ते कुठं दडवलंय हे भावालाही सांगितलेलं नाही. वर साधं मळकट खोळ. झाकलेली गाडी कोणती हे कळू नये एवढंच. हँडलच्या नळीत आमच्या नावाची चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घातलीय.

कागदाचं काम आबांसारखंच. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, सरकारनं सांगितलेली उच्च सुरक्षा पाटी लावायची. जुन्या गाडीवर तिऱ्हाइताचा विमा तेवढा काढला तर चोरीचा पैसा मिळत नाही. पाच वर्षांपलीकडच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते, तेव्हा भांडून नीट ठरवून घ्यावी. मी दोन कंपन्यांची दारं वाजवली तेव्हा तिसरीनं ऐकलं.

बाहेर मात्र आबांचीच रीत. गाडी लावायची ती चहाच्या टपरीसमोर, टपरीवाल्याशी दोन शब्द बोलून, शक्य तर खांबाला साखळी घालून. मग कॉक बंद आणि प्लगची टोपी बाहेर. मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नाला गावी गेलो, गाडी काढली आणि मांडवात जाण्याआधी टोपी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातली. शर्ट पांढराच होता. अक्षता टाकताना बायकोचं लक्ष गेलं.

"अहो, खिशाला हा डाग कसला?"

"ऑइलचा आहे," मी म्हणालो, "निघत नाही तो."